बेपत्ता नवरा, न मावळणारा सूर्य आणि बँकेचं व्याज

"इस्लाम आणि आधुनिक जग" हा विषय कुठे निघाला की पुढची दहा मिनिटं कशी जाणार ते आता मला पाठ झालंय. एक जण म्हणणार चौदाशे वर्षांत एक अक्षर बदललं नाही हो यांचं, दुसरा म्हणणार अहो सगळं विज्ञान आमच्याकडे आधीपासूनच होतं, तिसरा समन्वयवाला असतो, तो सगळे धर्म शेवटी चांगलंच सांगतात म्हणून चहा मागवतो. मी पण बरीच वर्षं यातल्या कुठल्या ना कुठल्या खुर्चीत बसलोय त्यामुळे फार नावं ठेवत नाही, पण मध्यंतरी मोठी पुस्तकं वाचायचा कंटाळा आला म्हणून मी एक उलटाच उद्योग सुरू केला, विचारवंतांची भाषणं सोडून दिली आणि लोकांनी मुफ्तींना विचारलेले प्रश्न वाचायला लागलो. बस्स, तेव्हापासून "इस्लाम बदलू शकतो का" हा प्रश्नच मला भाकड वाटायला लागलाय.

आधी एक गोष्ट सांगून टाकतो कारण तिच्यावरच सगळी गल्लत होते. फतवा म्हणजे फर्मान नाही. फतवा म्हणजे विचारलेल्या प्रश्नाला जाणकारानं दिलेलं मत, कोणी विचारलंच नाही तर फतवा जन्माला येत नाही, आणि एकाचं मत पटलं नाही तर माणूस दुसऱ्याकडे जाऊ शकतो आणि जातोच. म्हणजे ही सगळी शतकानुशतकांची प्रश्नोत्तरं आहेत, आणि त्यात मला सगळ्यात जास्त मजा आली ती सूर्याच्या भानगडीत.

झालं असं की इसवी सन ९२२ मध्ये बगदादच्या खलिफानं पाठवलेला इब्न फदलान नावाचा माणूस पार उत्तरेला, आजच्या रशियात, व्होल्गा नदीकाठी बल्गारांच्या राजाकडे पोचला. हे लोक नुकतेच मुसलमान झालेले. उन्हाळ्याचे दिवस. राजाचा एक शिंपी होता, तोही मूळचा बगदादचाच, तो तंबूत गप्पा मारायला आला, म्हटलं रात्रीच्या नमाजची अजान होईपर्यंत बसू. थोडा वेळ गेला, अजान झाली, हे दोघं बाहेर येऊन बघतात तर पहाट फुटलेली! बांगीला विचारलं अरे ही कसली अजान दिलीस, तो म्हणाला पहाटेची. मग रात्रीची? ती आम्ही संध्याकाळच्या सोबतच उरकतो. आणि रात्र? तो म्हणाला बघतोयस ना, एवढीच. वर हेही सांगितलं की पहाटेची नमाज चुकेल या धास्तीनं तो महिनाभर रात्री झोपला नव्हता. मला तो बांगी फार आवडतो. धर्माचे नियम जिथे तयार झाले तिथल्या आकाशाचा आणि याच्या डोक्यावरच्या आकाशाचा काही मेळ नाही, आणि बिचारा एकटाच जागत बसलाय.

आता हा नुसता किस्सा म्हणून सोडला असता, पण फिक्ह म्हणजे धर्मशास्त्राचे पंडित हा प्रश्न घेऊन पुढे शतकानुशतकं भांडलेत. रात्रीच्या नमाजची वेळ कधी सुरू होते तर संध्याकाळची लाली पूर्ण गेल्यावर. जिथे लाली जातच नाही, तिथे ती वेळ आलीच नाही, मग ती नमाज त्या लोकांवर बंधनकारक आहे का? मध्य आशियात ख्वारिझममधल्या बक्काली नावाच्या हनफी पंडितानं (हनफी म्हणजे सुन्नींच्या चार कायदेपंथांपैकी एक) सांगितलं, नाही. त्याला अडवायला एकानं विचारलं, पाचांपैकी एक नमाज नाकारणारा काफर होतो की नाही? त्यानं उलट विचारलं, ज्याचे दोन्ही हात कोपरांच्या वरून तुटलेत त्याला वजू, म्हणजे नमाजआधीची धुण्याची शुद्धी, करताना किती गोष्टी धुवाव्या-पुसाव्या लागतात? तर तीन, कारण चौथीला जागाच उरली नाही. तसंच हे. विचारणारा गप्प.

वाचताना मी पण गप्प. पण पंधराव्या शतकात इब्न अल-हुमाम या दुसऱ्या हनफी पंडितानंच हे खोडून काढलं आणि काय सांगितलं बघा, की अवयव नसणं आणि वेळेची खूण नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सूर्य, लाली, सावली या नमाजच्या खुणा आहेत, नमाजचं कारण नाहीत, कारण म्हणजे देवाची आज्ञा, आणि ती सगळ्यांना सारखीच आहे. खूण दिसेनाशी झाली म्हणून आज्ञा संपत नाही, अंदाजानं वेळ ठरवा. त्याला आधारही जुनाच होता, एका हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनात, असा दिवस येईल की तो वर्षाएवढा लांब असेल असं म्हटलंय, तेव्हा त्या दिवशी एका दिवसाची नमाज पुरेल का असं विचारल्यावर उत्तर आलं, नाही, अंदाज बांधा. एकोणिसाव्या शतकात तातार आलिम म्हणजे धर्मपंडित मरजानीनं या एका प्रश्नावर अख्खं पुस्तक लिहिलं, इतका तो प्रश्न तिकडच्या लोकांच्या रोजच्या जगण्यातला होता.

खूण की कारण. हे दोन शब्द मी वहीत मोठ्या अक्षरात लिहून ठेवलेत, कारण पुढे जे जे वाचलं ते सगळं फिरून फिरून इथेच येऊन पडतंय.

२००७ च्या ऑक्टोबरमध्ये मलेशियाचा शेख मुझफ्फर शुकोर अंतराळ स्थानकावर गेला, आणि तेही रमजान चालू असताना. स्थानक साधारण दीड तासात पृथ्वीला एक फेरी मारतं, म्हणजे चोवीस तासांत सोळा वेळा सूर्य उगवतो नि सोळा वेळा मावळतो, पाच गुणिले सोळा, ऐंशी नमाज. माणूस प्रयोग कधी करणार, झोपणार कधी! मलेशियातल्या उलेमांनी आणि शास्त्रज्ञांनी बसून एक मार्गदर्शिका तयार केली त्यात ठरलं की नमाज दिवसाला पाचच, वेळ जिथून यान सुटलं त्या ठिकाणची धरायची, काबा खाली कुठेतरी सुसाट फिरतोय तर जमलं तर काब्याकडे तोंड, नाहीतर त्याच्या रोखानं, नाहीतर नुसतं पृथ्वीकडे, आणि तेही नाही जमलं तर कुठेही. उभं राहता येत नसेल तर बसून, तेही नसेल तर आडवं, आणि पाणी नसेल तर भिंतीवर हात मारून तयम्मुम, म्हणजे पाण्याविना शुद्धी. लोकांनी यावर तेव्हा विनोद केले, मीही हसलो होतो. आता बल्गारच्या बांगीनंतर वाचताना हसू आलं नाही, कारण हे तेच उत्तर आहे, हजार वर्षांपूर्वी सुरू झालेलं, अंदाज बांधा.

बरं पण हे सोपे प्रश्न झाले. सूर्य उगवतो मावळतो त्यात कोणाचं काही जात नाही. जिथे कोणाच्या तरी हातातली सत्ता जाते तिथे खूण आणि कारण वेगळं करणं भलतंच अवघड होऊन बसतं.

पंजाबातली गोष्ट घ्या, १९०० नंतरची तीन-चार दशकं. हनफी कायद्यात बाईला नवऱ्यापासून सुटायचा रस्ता जवळजवळ नव्हताच. नवरा परागंदा झाला तर तिनं थांबायचं, किती, तर त्याच्या वयाची माणसं मरेपर्यंत, काहींनी हिशेब सोपा करून सांगितला की तो नव्वद वर्षांचा झाला असता तोपर्यंत. म्हणजे पंचविशीतला नवरा निघून गेला तर बाईनं पासष्ट वर्षं वाट बघायची. मारतो, खायला घालत नाही, वेडा आहे, तरी काझीकडून निकाह तोडून मिळणं हनफी पद्धतीनं महाकठीण. आणि त्याच कायद्यात दुसऱ्या बाजूला एक नियम होता, नवरा-बायकोपैकी कोणी धर्म सोडला तर निकाह आपोआप तुटतो. बायकांनी दोन आणि दोन चार केले. सुटका हवी असलेल्या बायका धर्म सोडल्याचं जाहीर करायला लागल्या, कोर्ट निकाह तुटला म्हणून शिक्कामोर्तब करायचं. त्यातल्या बऱ्याच जणींना धर्माशी काही भांडण नव्हतं, भांडण नवऱ्याशी होतं, पण दाराला कडी आतून नाही बाहेरून, आणि खिडकी एकच.

यावर सगळ्यात आधी कोण हललं असेल? मला वाटलं होतं कोणी तरी सूट-बूटवाले सुधारक असतील. कवी-विचारवंत इक्बालनं लाहोरला १९३० साली छापलेल्या आपल्या व्याख्यानांत याचा उल्लेख केलाय खरा, पंजाबात नको असलेल्या नवऱ्यापासून सुटायला मुसलमान बायकांना धर्म सोडावा लागतोय आणि इस्लामसारख्या प्रसार करू पाहणाऱ्या धर्माच्या ध्येयापासून याहून दूर काय असू शकतं असा त्याचा सूर आहे. त्याच व्याख्यानांत तो इज्तिहादला, म्हणजे स्वतःच्या बुद्धीनं नव्यानं निर्णय काढण्याला, इस्लामच्या रचनेतलं गतीचं तत्त्व म्हणतो. मस्तच आहे ते सगळं. पण त्या बायकांच्या उपयोगी पडेल असं काम त्याच सुमारास केलं ते देवबंदी, म्हणजे देवबंदच्या सनातनी मदरशाच्या परंपरेतल्या अश्रफ अली थानवींनी, ज्यांना कोणी आधुनिक म्हणणार नाही आणि म्हटलेलं त्यांना आवडलंही नसतं. धर्म सोडल्यावर निकाह तुटतो असं आधी स्वतः थानवीही सांगायचे. मग हा प्रकार वाढलेला बघून त्यांनी मत बदललं. पण नुसतं "चालणार नाही" म्हणून खिडकी बंद केली असती तर बाई आतच मेली असती, हे त्यांना कळत होतं. म्हणून त्यांनी मदिनेतल्या मालिकी मुफ्तींकडून लेखी मतं मागवली. मालिकी पंथात बेपत्ता नवऱ्यासाठी काझीकडे गेल्यापासून चार वर्षं, त्यानंतर इद्दत म्हणजे पुन्हा लग्न करण्याआधी थांबायची ठरलेली मुदत, मग बाई मोकळी. १९३१ साली थानवींचं पुस्तक तयार झालं त्यात एका हनफी आलिमनं गरजेपोटी दुसऱ्या पंथाचं मत घ्यायची परवानगी दिली होती. आणि पुस्तकाच्या नावाचा अर्थ काय, तर लाचार बायकोसाठी कामाला येणारी युक्ती. मूळ शब्द हीला.

हा हीला शब्द फार मजेशीर आहे. कायद्याचा शब्द न मोडता कायद्यातून वाट काढणं म्हणजे हीला. टवाळी करणारे त्याला पळवाट म्हणतात, आणि बऱ्याचदा बरोबरच म्हणतात.

या युक्तीतून पुढे कायदा झाला, मुहम्मद अहमद काझमी यांनी केंद्रीय कायदेमंडळात विधेयक मांडलं आणि १९३९ साली मुस्लिम विवाह विच्छेदन कायदा आला. नवरा चार वर्षं बेपत्ता, दोन वर्षं पोटगी नाही, सात वर्षं किंवा जास्त शिक्षा झाली, क्रूरपणा, अशा कारणांवर बाई कोर्टात जाऊ शकते. आणि कलम ४ नं सांगितलं की बाईनं धर्म सोडला तर तेवढ्यानं लग्न तुटणार नाही. म्हणजे दार उघडलं आणि मगच खिडकी लावून घेतली. उलेमांची मागणी होती की असले खटले मुसलमान न्यायाधीशापुढेच चालावेत, ती काही टिकली नाही, त्यावरून ते नाराज झाले ते झालेच. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात इस्लामी विचार म्हणून जी काही चीज आहे ती अगदी उघड्यावर काम करताना दिसते, त्यात दया आहे, धूर्तपणा आहे, आपल्या घराण्याची इज्जत सांभाळणं आहे, माणसं हातची जातायत याची भीती तर भरपूर आहे. फक्त एक खटकतंच. पुस्तक बायकांसाठी, पण सगळं बोलणं पुरुषांचं पुरुषांशी. ज्या बायकांनी धर्म सोडून हा प्रश्न उभा केला त्यांच्यातल्या एकीलाही कोणी बोलावून विचारलं नाही, बाई तुला काय वाटतं. खरं तर पहिला हीला त्यांनीच शोधला होता.

हीला दुसऱ्या हातात गेला की काय होतं ते बघायचं तर बँकेत जायला पाहिजे.

कुराणात व्यापार हलाल आणि रिबा हराम असं स्वच्छ म्हटलंय. आता रिबा म्हणजे नेमकं काय? एका आयतीत दुप्पट-चौपट वाढत जाणारा रिबा खाऊ नका असं आहे, आणि त्या काळची पद्धत अशी की कर्जदाराला मुदतीत देता आलं नाही की मुदत वाढवायची आणि रक्कम फुगवायची, माणूस बुडेपर्यंत. मग बँकेचं ठरलेलं व्याज हे तेच आहे का? पाकिस्तानी विचारवंत फजलुर रहमान म्हणत होते की नाही, आधी त्या काळी काय अन्याय चालला होता आणि कुराण तो का थांबवतंय ते समजून घ्या, त्यातून तत्त्व काढा, मग ते तत्त्व घेऊन आजच्या परिस्थितीत या. म्हणजे परत तेच, खूण कोणती नि कारण कोणतं. त्यांना १९६८ मध्ये पाकिस्तानातलं पद सोडावं लागलं, पुढचं आयुष्य शिकागोत शिकवण्यात गेलं. इजिप्तचे मुफ्ती तंतावी यांनी १९८९ मध्ये सरकारी गुंतवणूक प्रमाणपत्रांवरचा परतावा चालतो असा फतवा दिला त्यावरही गदारोळ झाला. बहुतेक उलेमांचं म्हणणं मात्र ठाम राहिलं, व्याज म्हणजे रिबा, विषय संपला. मुस्लिम देशांच्या संघटनेची फिक्ह अकादमी आहे तिनं १९८५ च्या डिसेंबरात जेद्दाला बसून हेच सांगितलं.

बरं मग बिनव्याजी बँक काढायची. १९६३ साली नाईलच्या त्रिभुज प्रदेशात मीत घम्र गावी अहमद अल-नज्जार या अर्थतज्ज्ञानं काढली सुद्धा. जर्मनीतल्या बचत बँका बघून आला होता. शेतकऱ्यांनी, छोट्या कारागिरांनी थोडं थोडं ठेवायचं, गरजेला बिनव्याजी कर्ज, आणि धंद्यात पैसे घातले तर नफा-तोटा वाटून. राजकीय वातावरण असं की धर्माचं नाव फार मोठ्यानं घेतलं नाही. काही वर्षांतच सरकारनं गुंडाळली. पण ती कल्पना मला आजही खरी वाटते, धनको आणि ऋणको एकाच होडीत, बुडालो तर दोघं.

१९७५ नंतर तेलाच्या पैशावर मोठ्या इस्लामी बँका आल्या आणि होडी केव्हा मागे पडली कळलंही नाही. आता बहुतेक काम मुराबहावर चालतं. तुम्हाला गाडी हवीय, बँक ती विकत घेते आणि तुम्हाला जास्त किमतीला हप्त्यांनी विकते. व्याज नाही, व्यापारातला नफा. फक्त तो नफा बाजारातल्या व्याजदराकडे बघूनच ठरतो. इथपर्यंत मी म्हणतो ठीक आहे, निदान गाडी तरी खरी आहे, काही वेळ का होईना ती बँकेच्या मालकीची असते. पण तवर्रुक वाचलं तेव्हा मी वही मिटून ठेवली. तुम्हाला रोख पैसे पाहिजेत. बँक तुम्हाला कुठल्यातरी गोदामात पडलेला धातू उधारीवर विकते, शंभराचा एकशे दहाला समजा, वर्षानं द्या म्हणते, आणि तुमच्या वतीनं बँकच तो धातू त्याच घडीला तिसऱ्याला शंभराला रोखीत विकून टाकते. तुमच्या हातात शंभर, डोक्यावर एकशे दहा. धातू तुम्ही पाहिला नाही, तुम्हाला नकोच होता, तो जागचा हलला पण नाही. सगळ्या सह्या बरोबर, सगळे शब्द हलाल. याला व्याज म्हणायचं नाही तर काय म्हणायचं ते मला कोणी सांगा.

गंमत म्हणजे हे मी एकटाच म्हणत नाहीये. त्याच फिक्ह अकादमीनं २००९ मध्ये शारजाच्या बैठकीत असं बँकेनं आखून दिलेलं तवर्रुक चालणार नाही असं सांगितलं. त्याआधी २००७ च्या शेवटी पाकिस्तानचे तकी उस्मानी, जे स्वतः इस्लामी बँकिंगचे मोठे जाणकार, म्हणाले की बाजारातले बहुतेक सुकूक म्हणजे इस्लामी रोखे शरियतच्या कसोटीला उतरत नाहीत, तर बाजार हादरला. म्हणजे आतूनच ओरड होते. तरी तवर्रुक चालू आहे. थानवींचा हीला दारात अडकलेल्या बाईसाठी होता, हा हीला ज्याच्याकडे किल्ली आहे त्यानंच स्वतःसाठी केलाय.

जेद्दाच्या त्याच १९८५ च्या बैठकीत अजून एका बँकेवर निर्णय झाला, हे वाचून मी उडालोच, ती म्हणजे आईच्या दुधाची बँक. अकाली जन्मलेल्या बाळांसाठी इतर बायकांचं दूध साठवून द्यायचं. यात अडचण काय? तर इस्लाममध्ये दुधाचं नातं रक्तासारखं धरतात, एकाच बाईचं दूध प्यालेली मुलं भावंडं, त्यांचं आपसात लग्न होत नाही. बँकेत दहा जणींचं दूध एकत्र, कोण कोणाचा भाऊ काय कळणार? युसुफ करदावी या नावाजलेल्या इजिप्शियन आलिमांनी १९८३ मध्ये परवानगी दिली होती, त्यांचं म्हणणं नातं बनतं ते छातीला लागून पिण्यानं, त्या कुशीनं, त्या जवळिकीनं, बाटलीतल्या कोणाच्या तरी दुधानं नाही, आणि नुसत्या शंकेवर निषेध उभा राहत नाही. अकादमी म्हणाली, नको, नात्यांचा गोंधळ होईल. तुम्ही काहीही म्हणा पण मला हा वाद सुंदर वाटतो. आई कशानं होते हो, दुधानं की कुशीनं? रुग्णालयाच्या फॉर्मवर हा प्रश्न कधी येत नाही, तो इथे दोन दाढीवाल्या बाजूंनी गंभीरपणे चर्चिलाय. तोडगा म्हणून नोंदी ठेवा, एका बाईचं दूध ठरलेल्याच बाळाला द्या, दोन्ही घरांची ओळख करून द्या असं सुचवलं गेलं. मला स्वतःला करदावींचं पटतं, इतर अनेक बाबतीत ते बिलकूल पटत नाहीत तो भाग वेगळा.

तर असं सगळं वाचून माझं मत झालं की विचार बंद पडलाय वगैरे बकवास आहे. मुसलमानांच्या छापखान्याला परवानगी द्यायला इस्तंबूलला १७२७ उजाडलं आणि तीही धार्मिक पुस्तकं सोडून, हे खरंय. मुहम्मद अब्दुहू इजिप्तचा मुफ्ती असताना १९०३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून प्रश्न आला की मुसलमानानं युरोपियन हॅट घातली तर चालेल का, तो चालेल म्हणाला, तर वर्तमानपत्रांनी त्याला धारेवर धरलं, हेही खरंय. उशीर होतो, ओरडा होतो, पण उत्तर येतं. ट्युनिशियानं तर १९५६ मध्ये बहुपत्नित्व सरळ बंद केलं आणि आधार म्हणून कुराणातल्याच दोन आयती शेजारी शेजारी ठेवल्या, एकीत न्यायानं वागता येत नसेल तर एकच बायको करा, दुसरीत तुम्ही कितीही इच्छा केली तरी सगळ्या बायकांशी न्यायानं वागू शकणार नाही. करा बेरीज. आणि हजारो मशिदी-मदरशांत ही बेरीज अजून कोणी करू देत नाही, हेही तितकंच खरं. उत्तर काय आहे यापेक्षा उत्तर द्यायचा हक्क कोणाकडे आहे यावरच गाडी अडते, आणि १९९२ मध्ये आमिना वदूद नावाच्या बाईनं बाईच्या नजरेनं कुराण वाचून दाखवलं तेव्हा लोकांना काय वाचलं यापेक्षा कोण वाचतंय याचाच जास्त त्रास झाला.

शेवटचं एक सांगतो कारण ते डोक्यातून जातच नाहीये. पंजाबच्या बायकांनी वापरलेला तो नियम आठवा, धर्म सोडला की निकाह तुटतो. कैरो विद्यापीठात नस्र हामिद अबू झैद नावाचे प्राध्यापक होते, कुराण हे इतिहासात, भाषेत उतरलेला संदेश म्हणून वाचायला पाहिजे असं लिहायचे, म्हणजे पुन्हा खूण आणि कारणच. बढतीच्या वेळी एका परीक्षकानं त्यांच्या लिखाणावर धर्माच्या मुद्द्यावरून ताशेरे मारले, बढती अडली, आणि मग १९९३ मध्ये ज्यांचा या घराशी काडीचा संबंध नाही असे वकील कोर्टात गेले की हा माणूस धर्मभ्रष्ट झालाय, सबब याचं लग्न रद्द करा. इजिप्तच्या कौटुंबिक कायद्यात जिथे स्पष्ट तरतूद नाही तिथे हनफी मत लागतं. १९९५ मध्ये अपील कोर्टानं निकाह तुटला असं जाहीर केलं, १९९६ मध्ये वरच्या कोर्टानं ते कायम ठेवलं. अबू झैद शेवटपर्यंत म्हणत राहिले की मी मुसलमान आहे. त्यांच्या बायको इब्तिहाल युनूस, त्याच विद्यापीठात फ्रेंच शिकवायच्या, त्यांना नवऱ्यापासून सुटका नको होती, कोणी मागितलीही नव्हती.

तोच नियम, तीच हनफी ओळ. इकडे बाईला नको असलेलं लग्न तोडायला तिनं तो उचलला तर उलेमांनी पुस्तकं धुंडाळून, मदिनेला विचारून तो निष्प्रभ केला, तिकडे दोघांनाही हवं असलेलं लग्न तोडायला परक्या माणसांनी उचलला तर कोर्टाला दुसऱ्या कुठल्या पंथाचं मत शोधावंसं वाटलं नाही. कोणी एकानं बसून हीला काढला नाही.

दोघं हॉलंडमध्ये लायडनला गेले. नवरा-बायको म्हणूनच.